बाळाला मटण किती द्यावं? मांसाहारी आणि शाकाहारी, दोन्ही घरांसाठी

नशिराबादच्या आमच्या दवाखान्यात एकाच आठवड्यात दोन मुलं आली. पहिलं दीड वर्षाचं, घर मांसाहारी. आजी सांगत होत्या, "डॉक्टर, दर रविवारी याले मटनाचं पानी देतो, दूध त लिटरभर पितो. तरी रंग पांढराच." दुसरं दहा महिन्यांचं, घर माळकरी. आई घाबरत विचारत होती, "आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. शेजारच्या बाई म्हणतात, मटण दिल्याशिवाय बाळाचं डोकं वाढत नाही. खरं आहे का?"

तपासणीत पहिल्या मुलाचं हिमोग्लोबिन ७.८ निघालं, दुसऱ्याचं १०.९. ज्या घरात मटण शिजतं तिथलं मूल जास्त अशक्त होतं. हे कसं घडलं ते समजलं, की बाळाला मटण किती लागतं या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

थोडक्यात उत्तर

बाळाच्या शरीराला "मटण" लागत नाही. त्याला लोह, जस्त, जीवनसत्त्व बी-१२ आणि प्रथिनं लागतात. या चारही गोष्टी मांस, मासे, अंडी यांतून कमी घासांत आणि चांगल्या शोषल्या जाणाऱ्या रूपात मिळतात. म्हणून ज्या घरात मांसाहार चालतो, तिथे सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळालाही थोडं थोडं, पण वरचेवर द्यावं. ज्या घरात चालत नाही, तिथेही मूल सुदृढ वाढू शकतं. मात्र तिथे लोह आणि बी-१२ कुठून येणार हे आधीच ठरवावं लागतं. वरण-भात आणि दूध देऊन निश्चिंत राहता येत नाही.

सहा महिन्यांनंतरच काळजी का?

बाळ जन्माला येतं तेव्हा आईकडून मिळालेला लोहाचा साठा त्याच्या शरीरात असतो. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला हा साठा साधारण चार ते सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह उत्तम शोषलं जातं, पण त्याचं प्रमाण फार थोडं असतं. म्हणजे सहा महिन्यांच्या सुमारास साठा संपत आलेला असतो आणि बाळ मात्र भराभर वाढत असतं. रक्त वाढत असतं, मेंदू वाढत असतो.

कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा गरोदरपणात आईला रक्तक्षय होता अशा बाळाचा साठा आणखी लवकर संपतो. अशा बाळांना लोहाचे थेंब सहा महिन्यांच्या आधीही लागू शकतात. ते बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवावं.

पहिल्या दोन वर्षांत लोह कमी पडलं तर मूल केवळ फिकट दिसत नाही. ते चिडचिड करतं, खेळात रमत नाही, नवीन गोष्टी शिकायला मागे पडू शकतं. पुढे औषधाने हिमोग्लोबिन भरून येतं, पण त्या काळात मेंदूच्या वाढीचं झालेलं नुकसान पूर्ण भरून निघेलच असं नाही. म्हणून "मोठा झाल्यावर खाईल सगळं" हे वाक्य या वयात महागात पडतं.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हा आकडा ५३.८ टक्के होता. रक्तक्षयाची सगळी कारणं लोहाशी जोडलेली नसतात, पण लोहाची कमतरता हे त्यातलं मोठं कारण आहे. आणि यात शाकाहारी घरं आहेत तशी मांसाहारी घरंही आहेत.

मटणात नेमकं काय असतं?

बहुतेकांना वाटतं, मटण म्हणजे प्रथिनं आणि प्रथिनं म्हणजे ताकद. पण लहान मुलाची प्रथिनांची गरज आपल्याला वाटते तेवढी मोठी नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १२ ते १३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पाव लिटर दुधातून साधारण ८ ग्रॅम आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. म्हणजे दूध, डाळ, भाकरी नीट खाणाऱ्या मुलाची प्रथिनांची गरज मटणाशिवायही भागते.

मटणाचा खरा उपयोग लोहासाठी आहे. याच संस्थेनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाच्या आहारात रोज ८ मिलिग्रॅम लोह असावं. हा आकडा मोठा दिसतो, कारण आपल्या धान्य-डाळींतलं लोह फार कमी शोषलं जातं. आठ मिलिग्रॅम खाल्लं तर शरीरात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम शिरतं, आणि मुलाची खरी गरज तेवढीच असते.

आता हिशेब करू. ३० ग्रॅम मटण, म्हणजे खिम्याचे साधारण दोन मोठे चमचे, यात लोह असतं ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास. पण त्यातलं बरंचसं लोह रक्तातल्या लोहासारख्याच रूपात असतं आणि ते सहज शोषलं जातं. म्हणून तेवढ्यातून सुमारे ०.१५ मिलिग्रॅम शरीरात पोचतं. म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळपास तिसरा हिस्सा. उरलेले दोन हिस्से भाकरी, डाळ, उसळ, भाजी यांतूनच यायचे असतात. फक्त मटणावर भर देऊन भागत नाही.

मटणाचा आणखी एक फायदा फारसा कुणाला माहीत नसतो. मांस किंवा मासे ज्या जेवणात असतात, त्या जेवणातल्या भाकरी-डाळीचं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. म्हणून बाळाला मटण वेगळं न भरवता भाकरी किंवा वरण-भातात कालवून दिलं तर जास्त उपयोगी पडतं.

जस्त आणि बी-१२ हेही मांसातून चांगलं मिळतं. जस्त वाढीसाठी आणि जुलाब-संसर्गाशी लढण्यासाठी लागतं, तर बी-१२ रक्त आणि मज्जासंस्थेसाठी. बी-१२ धान्य, डाळी, भाज्या, फळं यांत भरवशाचं मिळत नाही. ते प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळतं, आणि त्यात दूध-दहीही आलं.

मग पहिल्या मुलाचं काय चुकलं?

त्या घरात मटण होतं, पण बाळाच्या पोटात मटण जात नव्हतं. जात होतं ते मटणाचं पाणी. मांस उकळलं की पाण्यात थोडी चरबी, मीठ, वास आणि चव उतरते. लोह आणि प्रथिनांचा मोठा भाग तुकड्यातच राहतो. पायाच्या सूपचंही तसंच. सूप पिऊन बाळाचं छोटंसं पोट भरतं आणि खऱ्या अन्नाची जागा जाते.

दुसरी चूक लिटरभर दुधाची. एक लिटर दुधात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोह शोषायलाही आडकाठी करतं. शिवाय दुधाने पोट भरलं की मूल जेवत नाही, जेवत नाही म्हणून घरचे आणखी दूध देतात, आणि हे चक्र चालू राहतं. ते मूल भिंतीची माती खरवडून खात होतं. आजींना ती खोड वाटत होती. माती, खडू, राख खाण्याची ओढ हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं.

त्याला लोहाचं औषध दिलं, दूध दोन कपांवर आणलं, बाटली बंद केली आणि मटणाच्या पाण्याऐवजी मटण कुस्करून द्यायला सांगितलं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. औषध त्यानंतरही काही महिने चालू ठेवलं, कारण रक्त भरलं तरी साठा भरायला वेळ लागतो.

कोणत्या वयात किती?

मांस सुरू करायला दात यायची किंवा वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहायची गरज नाही. सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, मऊ भात-वरण दोन-तीन आठवडे नीट खाल्लं की बारीक वाटलेलं मांस आणि पूर्ण शिजलेलं अंडंही सुरू करता येतं. अंड्याचा पिवळा आणि पांढरा, दोन्ही भाग चालतात. ॲलर्जीच्या भीतीने अंडं लांबवल्याने ॲलर्जी टळत नाही. मात्र बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधी एखाद्या पदार्थाने अंगावर पित्त उठलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खालचं प्रमाण शिजलेल्या, हाडं काढलेल्या मांसाचं आहे.

• ६ ते ८ महिने: एक ते दोन छोटे चमचे, अगदी बारीक वाटून, भात-वरणात मिसळून.
• ९ ते ११ महिने: एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, बारीक खिमा करून.
• १ ते २ वर्षं: दोन मोठे चमचे, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम.
• २ ते ३ वर्षं: ३० ते ४० ग्रॅम, मऊ बारीक तुकडे.

हे आठवड्यातून तीन-चार दिवस मिळालं तर छान. बाकीच्या दिवशी अंडं किंवा मासे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या रोजच्या आहारात मांस, मासे किंवा अंडी असावीत. रोज मटण कुणाला परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. पण आपल्याकडे रविवारी एकदम पाव किलो आणि सोमवार ते शनिवार काहीच नाही, असं होतं. बाळासाठी रविवारी वाटीभर देण्यापेक्षा चार दिवस दोन-दोन चमचे देणं जास्त फायद्याचं.

मटण महाग पडत असेल तर अंडं आहेच. चिकनमध्ये मटणापेक्षा लोह कमी असतं, पण प्रथिनं आणि जस्त मिळतं. तापीचे किंवा हतनूर धरणाचे ताजे मासे मिळत असतील तर तेही चांगले, फक्त काटे हाताने चाचपून काढा. कलेजीत लोह भरपूर असतं, पण जीवनसत्त्व 'अ' इतकं जास्त असतं की ती लहान मुलाला आठवड्यातून एकदा, एखादा चमचाच द्यावी. रोज कलेजी देऊ नये.

खान्देशी घरात बाळाचा वाटा कसा काढायचा?

आपला काळा मसाला, वर तरंगणारी लाल तर्री, सोबत ठेचा. हे बाळासाठी नाही. पण त्यासाठी वेगळा स्वयंपाकही करायची गरज नाही.

१. मटण शिजवताना सुरुवातीला फक्त हळद आणि थोडं आलं-लसूण घालून कुकरला लावा. कुकर उघडला की मसाला टाकण्याआधी बाळाचे दोन-तीन मऊ तुकडे बाजूला काढा. वर्षाच्या आतल्या बाळासाठी हे अळणीच ठेवा.
२. हाडं, चरबी, शिरा काढून तुकडे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. ज्या पाण्यात शिजलं तेच पाणी थोडं घालून पातळ करा. पाणी वाया घालवायचं नाही, पण फक्त पाणीही द्यायचं नाही.
३. गरम पाण्यात किंवा वरणात भिजवून मऊ केलेल्या भाकरीत, नाहीतर भातात कालवा. वर लिंबाचे दोन थेंब पिळा. छोटा चमचा तूप घाला.
४. पहिल्यांदा देताना दुसरा नवा पदार्थ त्याच दिवशी देऊ नका. अंगावर चट्टे, उलट्या, ओठ सुजणं असं काही झालं तर लगेच कळतं.

तुकडा घशात अडकण्याचा धोका गंभीर आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला चिवट अख्खा तुकडा, कोंबडीचं हाड, नळी चोखायला देऊ नका. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, जाड शेव यांनाही हाच नियम. मूल बसलेलं असावं, जवळ मोठं माणूस असावं, पळत-खेळत घास भरवू नये.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या घरात जातो. अशा दिवसांत शिजलेलं मटण दोन-चार तास बाहेर राहिलं तरी बिघडू शकतं. बाळाचा वाटा ताजाच द्या. उरलेला द्यायचाच तर शिजल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि देताना चांगला उकळा. बाळाच्या ताटलीत उष्टं राहिलेलं पुन्हा देऊ नका.

"उन्हाळ्यात मटण उष्ण पडतं, बाळाला देऊ नये" असं घरोघरी म्हणतात. बाळाला त्रास होतो तो बहुधा मसाल्याचा, शिळ्या अन्नाचा किंवा पाणी कमी पडल्याचा असतो. मऊ, अळणी, ताजं मटण थोड्या प्रमाणात उन्हाळ्यातही चालतं.

बर्ड फ्लूची भीतीही विचारली जाते. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये २००६ साली आणि पुन्हा २०२१ साली ही साथ आली होती, त्यामुळे खान्देशात ती आठवण ताजी आहे. पूर्ण शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. साथ नसतानाही नियम तोच: आतला गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवा, अंड्याचा पिवळा घट्ट होऊ द्या, कच्च्या मांसाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला घेऊ नका.

शाकाहारी घरासाठी

आता त्या दहा महिन्यांच्या बाळाकडे येऊ. त्या आईला मी सांगितलं, "ताई, तुमच्या घरात जे चालत नाही ते देण्याची सक्ती नाही. पण लोह आणि बी-१२ यांची सोय आपल्याला आजपासून करायची आहे."

लोहासाठी आपल्या मातीत चांगलं धान्य आहे. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, म्हणजे धान्य आणि डाळ एकत्र मिळते. मटकी, हरभरा, मसूर, तीळ, हे सगळं उपयोगाचं. अडचण एकच, यातलं लोह कमी शोषलं जातं. ते वाढवायचे उपाय घरातलेच आहेत.

• कडधान्य भिजवा, मोड आणा, मग मऊ शिजवून कुस्करून द्या. मोड आल्यावर लोह अडवून धरणारे घटक कमी होतात.
• प्रत्येक मुख्य जेवणात काहीतरी आंबट किंवा ताजं फळ असू द्या. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं, टोमॅटो. यातलं जीवनसत्त्व 'क' लोह शोषायला मदत करतं.
• चहा बंद. चहा-बिस्कीट, चहा-खारी हा कित्येक घरांत लहान मुलाचा सकाळचा नाश्ता असतो. चहा लोह शोषू देत नाही आणि बिस्किटात मैदा-साखरेपलीकडे फारसं काही नसतं.
• दूध जेवणाबरोबर न देता दोन जेवणांच्या मध्ये द्या. वर्षाच्या आत आईचं दूध हेच मुख्य दूध असावं, गाई-म्हशीचं दूध पोट भरण्यासाठी देऊ नये. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे.

गुळाने रक्त वाढतं, बीट-डाळिंबाने रक्त वाढतं, यावर विसंबू नका. बाळ जेवढा गूळ किंवा डाळिंब खाऊ शकतं, त्यातून मिळणारं लोह फार थोडं असतं.

बी-१२ साठी दूध आणि दही आहे. एक-दोन वर्षांच्या मुलाला रोज साधारण १ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. दीड-दोन कप दूध-दह्यातून ते मिळू शकतं. खरा धोका असतो तो वर्षाच्या आतल्या बाळाला. आई शाकाहारी असेल, दूध-दहीही फारसं घेत नसेल, तर तिच्या शरीरातच बी-१२ कमी असतं आणि तिच्या दुधातूनही बाळाला कमी मिळतं. असं बाळ वरून गुटगुटीत दिसतं, पण हसणं कमी होतं, बसायला लागलेलं बाळ पुन्हा कोलमडायला लागतं, केस तांबूस विरळ होतात, बोटांच्या सांध्यांवर काळेपणा येतो, कधी हातपाय थरथरतात. हे वेळेत ओळखलं तर बी-१२ देऊन सुधारतं. उशीर झाला तर मागे काही उरू शकतं. म्हणून शाकाहारी आईने गरोदरपणात आणि अंगावर पाजताना स्वतःचं बी-१२ तपासून घ्यावं आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. बाळाची सोय आईपासून सुरू होते.

घरात अंडं चालत असेल तर अर्ध्या अंड्याने सुरुवात करा, वर्षानंतर रोज एक द्यायला हरकत नाही. अंड्यातून प्रथिनं आणि बी-१२ छान मिळतं. लोह मात्र एका अंड्यात एक मिलिग्रॅमहून कमी असतं आणि तेही फारसं शोषलं जात नाही. म्हणून अंडं सुरू केलं तरी लोहाची वेगळी सोय हवीच.

अंडं की केळं?

राज्य सरकारच्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाडीत ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी द्यायची तरतूद आहे. त्यामुळे "अंड्याऐवजी केळं दिलं तरी तेच ना?" असं अनेकजण विचारतात. आपला जिल्हा केळीचा, म्हणून हे मोकळेपणाने सांगतो. केळं बाळासाठी उत्तम आहे. ते मऊ असतं, ऊर्जा देतं, स्वच्छ सालीत येतं. पण १०० ग्रॅम केळ्यात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास, लोह अगदी नगण्य आणि बी-१२ शून्य. केळं भूक भागवतं, अंड्याची जागा घेत नाही. केळं खाणाऱ्या मुलाला डाळ, दही आणि लोहाचं औषध यांची जोड हवी.

औषधाची बाटली विसरू नका

मांसाहारी असो की शाकाहारी, ६ महिने ते ५ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात लोह आणि फॉलिक ॲसिडचं सिरप मोफत मिळतं. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिली. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मागा. बाटली घरात आहे पण उघडलेलीच नाही, हे मी फार वेळा पाहतो. सिरपने शौच काळसर होतं, दातांवर तात्पुरते डाग पडू शकतात, त्याने घाबरू नका. ताप किंवा जुलाब चालू असताना थांबवा, बरं झाल्यावर पुन्हा सुरू करा. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला मात्र ते देऊ नये.

वर्षानंतर जंताचं औषधही वेळेवर द्या. जंत पोटात राहून रक्त कमी करतात. उघड्यावर अनवाणी खेळणाऱ्या मुलांमध्ये ते जास्त आढळतात.

एक इशारा. लोहाच्या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. गरोदर आईच्या लाल गोळ्या लहान मुलाला गोडगोळ्यांसारख्या वाटतात. मूठभर गोळ्या पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकतं. असं झालं तर उलटी होण्याची वाट न पाहता मुलाला थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि गोळ्यांचं पाकीटही सोबत घ्या.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

• तळहात, ओठ, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसत असेल.
• मूल माती, खडू, राख, बर्फ मागून खात असेल.
• वजन दोन-तीन महिने वाढलंच नसेल.
• आधी येत असलेली गोष्ट, म्हणजे बसणं, हसणं, आवाज काढणं, मागे पडत असेल.
• थोड्या खेळानेही धाप लागत असेल, छाती जोरात धडधडत असेल. हे असेल तर त्याच दिवशी दाखवा.

साधी हिमोग्लोबिन तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. लहान मुलांत ११ च्या खाली रक्तक्षय आणि ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय धरला जातो. ७ च्या खाली असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता मुलाला जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं.

लोहाचं औषध महिनाभर नीट देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर आणखी डोस वाढवत बसू नका. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल, आणि सिंधी समाजासह काही समाजांत थॅलेसेमिया जास्त आढळतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते.

जाताना एवढं लक्षात ठेवा

मांसाहारी घर असेल तर: पाणी नको, मांस द्या. रविवारी खूप नको, आठवडाभर थोडं थोडं द्या. मसाल्याआधी बाळाचा वाटा काढा.

शाकाहारी घर असेल तर: अपराधी वाटून घेऊ नका, पण हिशेब ठेवा. मोडाचं कडधान्य, बाजरी, लिंबू रोज. दूध-दही मोजून. आईचं बी-१२ तपासलेलं असावं.

दोन्ही घरांत: सहा महिन्यांनंतर वरचं अन्न वेळेवर सुरू करा, आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा, चहा बंद करा, सरकारी सिरप आठवड्यातून दोनदा द्या आणि वर्षाच्या सुमारास एकदा हिमोग्लोबिन तपासा.

त्या माळकरी घरातलं बाळ आता दीड वर्षाचं आहे. हिमोग्लोबिन ११.६ आहे आणि ते दवाखान्यात आलं की माझा स्टेथोस्कोप ओढतं. त्याच्या आईने मोडाच्या मटकीचं मऊ वरण, त्यात लिंबू, आणि सिरपचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून, असं सगळं नेमाने केलं. पुढच्या वेळी दवाखान्यात आलात की तुमच्या बाळाच्या कालच्या जेवणात काय काय होतं ते सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून आणा. चहा, बिस्कीट, बाटलीतलं दूधही त्यात धरा. त्या एका कागदावरून काय कमी पडतंय ते सांगणं मला फार सोपं जातं.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या बाळाचं औषध आणि त्याचा डोस तपासणी करूनच ठरवावा.)